वजन कोणत्या पायावर?

नवी नवरी घरात येते तेव्हा उंबरठ्यावरचे तांदळाचे माप उजव्या पायाने लवंडते. घरातल्या यच्चयावत मंडळींचे डोळे त्या वेळी त्या उजव्या पावलावर खिळलेले असतात. फोटोग्राफर तर खाली बसकण मारून नुसत्या पावलाचाच फोटो काढतो. पण त्या क्षणी जड शालू, अंगावरचे दागिने, पहाटेपासूनचा शीण आणि एवढ्या नजरा, हे सगळे ओझे पेलून जो उभा असतो तो डावा पाय. तो फोटोत येत नाही. देवळात शिरताना, नव्या वास्तूत जाताना, बोहल्यावर चढताना उजवा पाय आधी, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते. उजवे पाऊल उचलल्यापासून ते पुढे टेकेपर्यंत सगळा माणूस डाव्यावर तोललेला असतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. तिथे एक सवय अंगात भिनते. कुठे जमा दिसली की तिची नावे कुठे पडली, हे आधी पाहायचे. पायांच्या बाबतीत आपण निम्मीच नोंद करतो. पूर्वीच्या स्कूटरला किक मारणारा उजवा पाय सगळ्यांना आठवतो. पावसाळी सकाळी दहा-दहा किका होईपर्यंत जमिनीत रोवून उभा राहिलेला डावा कुणाला आठवत नाही. फुटबॉलमध्येही तेच. गोल उजव्या पायाच्या नावावर जमा होतो.

शास्त्रज्ञांनीसुद्धा बराच काळ हीच पद्धत चालू ठेवली. ज्याने आपण चेंडू मारतो तो ‘प्रबळ’ पाय. मग दुसरा आपोआप दुबळ्यांच्या रकान्यात जाऊन बसतो. आता, एक पाय हवेत भिरकावला जात असताना कंबर, गुडघा आणि घोटा जागच्या जागी धरून अख्खे शरीर उभे ठेवणारा पाय दुबळा कसा? कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात पायाची पसंती ठरवण्यासाठी एक प्रश्नावली तयार झाली. तिच्या सुधारित आवृत्तीत दहा प्रश्न आहेत आणि त्यांत निम्मे-निम्मे असा न्याय केलेला आहे. पाच प्रश्न काम करणाऱ्या पायाविषयी: चेंडू कोणत्या पायाने माराल, जमिनीवरची गोटी कोणत्या पायाच्या बोटांनी उचलाल, वगैरे. उरलेले पाच उभ्या पायाविषयी: एका पायावर उभे राहायचे झाल्यास कोणत्या, लंगडी घालायची तर कोणत्या, आगगाडीच्या रुळावर तोल सांभाळायचा तर कोणत्या. पहिल्या प्रकारच्या प्रश्नांना दहांपैकी साधारण आठ माणसे ‘उजवा’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांना उत्तरे इतकी एकमुखी येत नाहीत. वाचकांनी आता खुर्चीवरून उठून लंगडी घालून पाहिली तर घरातच दोन पक्ष पडतील.

मूर्ती घडवणाऱ्यांनी मात्र हा विचार फार पूर्वी केलेला दिसतो. आपला विठोबा समचरण. दोन्ही पाय विटेवर सारखे, वादच नाही. मुरलीधर कृष्ण उजवा पाय डाव्यापुढे तिरपा टेकवून मजेत उभा असतो, म्हणजे भार डाव्यावर. चिदंबरमचा नटराज उजव्या पायावर उभा आहे आणि डावा त्याने उचललेला आहे. बहुतेक सगळ्या नटराजांचे असेच. अपवाद मदुरेचा. मीनाक्षीच्या मंदिरातल्या रुपेरी सभेतला नटराज डाव्यावर उभा राहून उजवा उचलतो. त्याची कथा अशी सांगतात, की पांड्य राजा स्वतः नृत्य शिकायला लागला तेव्हा त्याला कळले, एका पायावर अंग तोलणे म्हणजे काय यातना असतात. मग देव तर युगानुयुगे एकाच पायावर उभा! राजाने देवाला विनवले, निदान एकदा तरी पाय बदला. आणि देवाने बदलला. मला ही कथा फार आवडते. हा राजा देवळात गेला तेव्हा त्याने उचललेला पाय पाहिला नाही, उभा पाय पाहिला.

तर, दोन पायांच्या तोलात खरोखरच फरक असतो का? या विषयावर झालेल्या अनेक अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की निरोगी माणसांत प्रबळ पाय आणि दुसरा पाय यांच्या तोलात म्हणण्यासारखा फरक सापडत नाही. कौतुक एकाचे होत असले तरी कष्टात दोघे बरोबरीचे. मात्र हे झाले घडून गेलेल्या, निरोगी शरीराचे. जे शरीर अजून घडतेच आहे, ज्याची मापे दर महिन्याला बदलताहेत, त्याचे काय?

तोल ही वस्तू आपल्याला फुकट मिळालेली वाटते, पण तिच्यामागे तीन खाती सतत काम करीत असतात. आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोके कुठे वळले ते सांगतात. डोळे आजूबाजूचा अंदाज देतात. आणि स्नायू, सांधे व तळवे कोणता अवयव कुठे आहे याची बातमी देतात. डोळे मिटून एका पायावर उभे राहिले की एक खाते बंद पडते, आणि उरलेल्या दोघांची तारांबळ आपल्या घोट्यात थरथरताना जाणवते. हा झाला स्थिर तोल. त्याहून अवघड तो चालता तोल: अंग हलते आहे, वळते आहे, वाकते आहे आणि तरीही ते पायाच्या आधारावर राखायचे आहे. पुस्तकांत त्याला गतिमान संतुलन म्हणतात. खेळ, जिना, पावसातली निसरडी पायवाट, धावती बस पकडणे, सगळीकडे हाच तोल लागतो.

उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींत साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी, मुलांत त्यानंतर दोनेक वर्षांनी येतो. वाढीचा क्रमही गमतीचा आहे. आधी पावले वाढतात, मग पाय, आणि धड सर्वांत शेवटी. म्हणूनच घरात आधी बूट लहान होतात, मग पँटी आखूड होतात आणि शर्ट त्यानंतर. हाडे पुढे धावतात, स्नायूंची ताकद मागून येते. मेंदूजवळ हातापायांचा जो हिशेब असतो तो गेल्या वर्षीच्या लांबीचा. सगळ्याच मुलांना हे जाणवते असे नाही. पण काहींचे काही महिने असे जातात, की दाराच्या चौकटीला खांदा लागतो, ताटाला पाय लागतो, सपाट जमिनीवर ठेच लागते. अशा मुलांसाठी आपल्या भाषेत शब्दांची टंचाई नाही. धांदरट, वेंधळा, धसमुसळी, आंधळी कोशिंबीर, ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ लक्ष असते हो. हिशेब जुळत नसतो.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अशी एक मुलगी आहे. तेरा वर्षांची. पाचवीपासून खो-खो खेळते, शाळेच्या संघात होती. त्यांच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत. शेवटच्या दोन खुणांमध्ये एका वर्षाचे अंतर आणि जवळजवळ नऊ सेंटिमीटर आहेत. त्याच वर्षी ती पडायला लागली. सरळ धावताना नाही, वळताना. एकदा उजवा घोटा मुरगळला, आठवडाभर शेक-बांधणी झाली. दोन महिन्यांनी पुन्हा तोच घोटा. मग घरात बैठक बसली आणि मला, बहुधा निवृत्त माणसाला वेळ असतो म्हणून, बोलावले गेले.

“काका, तुम्ही तरी समजवा हिला,” तिची आई म्हणाली. “दहावी दोन वर्षांवर आली. त्यात ही अशी धडपडते. काही कमी-जास्त झालं तर?”

“आता पुरे,” तिच्या आजीने निकाल दिला. “मोठी झाली ती. मुलीच्या जातीला पाय अधू होऊन चालायचं नाही.”

मुलगी काही बोलली नाही. ती पायाच्या अंगठ्याने फरशीवरची रेघ गिरवत होती. कोणत्या पायाने, ते मी तेव्हा पाहिले नाही.

आजींच्या बोलण्याची थट्टा करायची माझी इच्छा नाही. त्यांच्या काळात अधू पायाच्या मुलीचे लग्न ठरताना काय व्हायचे हे त्यांनी पाहिलेले होते, मीही पाहिलेले आहे. पण ‘पाय घसरला’ हे शब्द आपण मुलाविषयी बोललो तर शेवाळ आठवते आणि मुलीविषयी बोललो तर वेगळेच काहीतरी. मुलीच्या पडण्याला आपण फार मोठा अर्थ चिकटवतो. मुलगा पडला तर ‘पडला, उठेल’. तेरा वर्षांची मुलगी पडली की तिला मैदानातूनच उचलायचे.

शेवटी ठरले, की आधी फिजिओथेरपिस्टला दाखवू. वडील बदलीच्या गावी, आणि गाडी माझ्याकडे, म्हणून मीही बरोबर गेलो. त्या बाईंनी घोटा तपासला आणि मग जमिनीवर चिकटपट्टीच्या तीन रेघा मारल्या. एक सरळ पुढे जाणारी, दोन मागे तिरप्या फाकलेल्या, उलट्या वाय अक्षरासारख्या. मधल्या बिंदूवर एका पायावर उभे राहायचे, हात कमरेवर, आणि दुसऱ्या पायाचे बोट रेघेवरून जितके दूर नेता येईल तितके नेऊन पुन्हा परत आणायचे. दूर नेलेल्या पायावर भार टाकायचा नाही, उभ्या पायाची टाच उचलायची नाही, तोल गेला तर तो प्रयत्न रद्द. मग पाय बदलून तेच. आलेल्या अंतरांची तुलना पायाच्या लांबीशी करायची, नाहीतर उंच मुलाला फुकटचे गुण मिळतील. आठ दिशांच्या रेघा असलेली जुनी चाचणी आहे, तिचीच ही सुटसुटीत केलेली तीन रेघांची आवृत्ती. वाय बॅलन्स टेस्ट म्हणतात.

मला त्यातली एक गोष्ट एकदम भावली. दूर जाताना दिसतो तो हवेतला पाय, मोजपट्टी लागते ती त्याच्या बोटाला, पण नोंद होते ती उभ्या पायाच्या नावावर. उजव्या पायावर उभे राहून डावा पुढे नेला, तर ते अंतर उजव्याचे. इथे प्रथमच खतावणी बरोबर झालेली मी पाहिली.

डाव्यावर उभी असताना मुलगी पुढच्या रेघेवर ५६ सेंटिमीटर गेली. उजव्यावर उभी असताना ५०.

“पण उजवा तर माझा स्ट्राँग पाय आहे!” ती म्हणाली. त्या सगळ्या प्रकरणात ते तिचे पहिले वाक्य.

“चेंडू मारायला असेल,” बाई म्हणाल्या. “तू वळतेस तेव्हा उभी कशावर असतेस?”

घोटा मुरगळल्यावर सूज उतरते, दुखणे थांबते आणि आपण प्रकरण मिटले असे धरून चालतो. पण पाय पुढे न्यायचा तर उभ्या पायाचा घोटा पुरेसा वाकावा लागतो, आणि मुरगळलेला घोटा बरेचदा आखडलेला राहतो. शिवाय सांध्यातून मेंदूकडे जाणारी बातमी काही काळ उशिराने किंवा अर्धवट जाते. म्हणून एकदा मुरगळलेला घोटाच पुन्हा मुरगळतो. मुलीच्या बाबतीत वाढीचे वर्ष आणि मुरगळलेला घोटा, असे दोन हिशेब एकाच वेळी चुकत होते, आणि घरी त्या दोहोंची बेरीज ‘धांदरट’ अशी लिहिली जात होती.

या चाचणीवर अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या शाळांच्या बास्केटबॉल खेळाडूंचा एक अभ्यास झाला होता, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. २३५ मुलेमुली मोसमाच्या सुरुवातीला तपासली गेली आणि पुढे मोसमभर कोणाला पायाची दुखापत होते याची नोंद ठेवली गेली. पुढच्या रेघेवर दोन पायांत चार सेंटिमीटरहून जास्त फरक असलेल्यांना दुखापतीचा संभव अडीच पट होता. ज्या मुलींची तिन्ही दिशांची मिळून सरासरी पायाच्या लांबीच्या ९४ टक्क्यांहून कमी भरली, त्यांना तो जवळजवळ साडेसहा पट होता. आकडे मोठे आहेत, पण ते जपून वाचायचे. पुढे निरनिराळ्या खेळांत झालेल्या सगळ्याच पाहण्यांना हे निकाल मिळाले नाहीत. “ही कुंडली नव्हे,” असे त्या बाई आईला म्हणाल्या ते मला पटले. कुंडलीत शनी वक्री असला तर त्याला सरळ करता येत नाही. सहा सेंटिमीटरचे दोन करता येतात.

“म्हणजे खेळ बंद नको?” आईने विचारले.

“बंद कशाला? दीड-दोन महिने सामने नकोत. सराव रोज हवा. तुम्ही बंद केलंत तर हा पाय शिकणार कुठे?”

मला वाटते, सगळ्या विषयाचा गाभा हा आहे. तोल हा स्वभाव नाही, तो शिकवावा लागतो, आणि शरीराची लांबी बदलली की पुन्हा शिकवावा लागतो. आपण नेमके त्याच वर्षी मूल वर्गातून उठवतो. मुलींच्या बाबतीत याची किंमत जास्त आहे. वयात आल्यानंतर उड्या आणि झटकन वळणे असलेल्या खेळांत मुलींच्या गुडघ्यातला पुढचा तिरपा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा काही पटींनी जास्त आढळते. त्याची कारणे अनेक सांगतात: कमरेची ठेवण, संप्रेरके, मांडीच्या स्नायूंची ताकद. यांतली काही आपल्या हातात नाहीत. सराव आहे.

नॉर्वेमध्ये फुटबॉल खेळणाऱ्या १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निकाल २००८ साली आले. १२५ क्लब होते. निम्म्यांना वीसेक मिनिटांची एक कवायत दिली होती: हळू धावणे, मांड्या आणि पोटाचे व्यायाम, एका पायावर तोल, उडी मारून गुडघे आत न वाकवता उतरणे. महागडे यंत्र एकही नाही. मोसम संपल्यावर त्या क्लबांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांश कमी आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्या निघाल्या. कॅनडातल्या कॅल्गरी शहरातही शाळकरी मुलांना घरी डुगडुगत्या फळीवर उभे राहण्याचा सराव दिला, तेव्हा त्यांचा तोल सुधारला आणि खेळातल्या दुखापती घटल्या. तो अभ्यास २००५ चा.

हे सगळे वाचताना मला आमच्या शाळेतले कवायतीचे मास्तर सारखे आठवत होते. लंगडीच्या खेळात पाय बदलायला मनाई असते. बदलला की बाद. त्यामुळे प्रत्येक मूल जन्मभर आपल्या लाडक्या पायावरच लंगडी घालते. मास्तरांनी स्वतःचा नियम काढला होता. पहिला डाव हव्या त्या पायाने, दुसरा डाव दुसऱ्या पायाने. दुसऱ्या डावात आमची अशी काही त्रेधा उडायची, की जिंकणारा संघ हटकून हरायचा. मास्तर कुठले संशोधन वाचत होते असे नाही, ते फक्त वर्तमानपत्र वाचायचे. पण त्यांना माहीत होते.

माहीत त्यांनाच नव्हते. कथकच्या वर्गात डोकावून पाहा. तत्काराची एक ओळ उजव्या पायाने सुरू होते, दुसरी डाव्याने, आणि गुरू दोन्ही सारख्या वाजेपर्यंत सोडत नाहीत. भरतनाट्यमचा प्रत्येक अडवू उजवीकडे झाला की डावीकडे. सूर्यनमस्कारात एकदा हा पाय मागे, पुढच्या नमस्कारात तो. मुली ठिकरी खेळत ती एका पायावर, आणि त्याच पायाने ठिकरी पुढच्या घरात सरकवायची. वाय चाचणीला लाजवील असा प्रकार आहे. मंगळागौरीच्या फुगड्यांचे नाना प्रकार तर चालत्या तोलाचा अख्खा अभ्यासक्रमच, फक्त तो लग्नानंतर पाच वर्षे आणि तेही जागरणाच्या रात्री घ्यायचा, हे जरा उशिराचे झाले.

आणि खो-खो. हा खेळ लांबून पाहणाऱ्याला नुसती पळापळ वाटते. जरा जवळ जाऊन पळणाऱ्याचे पाय पाहावेत. आठ गडी एका ओळीत, आलटूनपालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले. पाठलाग करणाऱ्याला ती ओळ मधूनच ओलांडता येत नाही आणि एकदा खांदे वळवले की दिशा बदलता येत नाही. पळणाऱ्याला मात्र ओळीतून वाटेल तिथून घुसता येते. म्हणून तो साखळी घेतो, एकाच्या उजवीकडून, पुढच्याच्या डावीकडून, नागासारखा. प्रत्येक वळणावर बाहेरचा पाय जमिनीत रोवायचा आणि अंग आत टाकायचे. एका वळणाला उजवा, पुढच्याला डावा. ज्याचा एकच पाय भरवशाचा, तो तिसऱ्या-चौथ्या वळणाला सापडतो. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले आणि महिला संघाची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. त्या दिवशी आमच्या इमारतीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच इमारतीच्या आवारात ‘येथे खेळू नये’ अशी पाटी आहे. ती मी सेक्रेटरींना तीनदा दाखवली. त्यांनी ती नव्याने रंगवून घेतली.

त्यामुळे मुलीचा सराव घरात सुरू झाला. सकाळी दात घासताना उजव्या पायावर, रात्री डाव्यावर. मग एका पायावर उभे राहून भिंतीवर चेंडू टाकणे आणि झेलणे. मग गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून सावकाश वाकणे. भिंतीजवळ, कुणीतरी शेजारी उभे असताना, डोळे मिटून. शेवटी जिन्याच्या खालच्या पायरीवरून उडी, आणि अट ही की उतरल्याचा आवाज होता कामा नये. दुखले किंवा सूज आली तर थांबायचे आणि दाखवायला यायचे, हे बाईंनी बजावून ठेवलेले. गुडघ्याच्या वाटीखाली हाडावर दुखरे टेंगूळ येणे हाही या वयातल्या खेळणाऱ्या मुलांचा नेहमीचा प्रकार आहे. तेही सांगितले पाहिजे, लपवायचे नाही. पहिल्या आठवड्यात उजव्या पायावर डोळे मिटून ती चार सेकंद टिकत होती. आकडे लिहायला वही केली. वही मीच दिली, रकाने आखून.

आम्हा म्हाताऱ्यांनाही तिने कामाला लावले. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वर्षांच्या माणसांची एक पाहणी झाली, ती २०२२ साली प्रसिद्ध झाली. दहा सेकंद एका पायावर जे उभे राहू शकले नाहीत, त्यांच्यात पुढच्या सातेक वर्षांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. एका पायावर उभे राहिले की आयुष्य वाढते, असा अर्थ यातून काढू नये. ज्यांची प्रकृती खालावलेली त्यांचाच तोलही गेलेला असणार. पण हे बाकावर वाचून दाखवल्यावर संध्याकाळच्या आमच्या मंडळात कमालीची शांतता पसरली आणि मग एकेक जण कठडा धरून उठला. ‘एका पायावर तयार’ म्हणणाऱ्यांपैकी तिघे सहाव्या सेकंदाला खाली आले. मी डाव्यावर दहा मोजले, उजव्यावर आठ.

सात आठवड्यांनी पुन्हा त्या चिकटपट्टीवर माप घेतले. डाव्यावर ५७, उजव्यावर ५५. शाळेच्या संघाची यादी तोपर्यंत लागलेली होती, तीत तिचे नाव राखीव खेळाडूंत आले. आईला ते बरेच वाटले. मुलीला नाही, दोन दिवस तिने कुणाशी धड बोलणे केले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी खालून साखळीचे पाऊल ऐकू आले म्हणून मी गॅलरीतून पाहिले. आवारात उभ्या केलेल्या आठ मोटारसायकलींच्या रांगेतून ती नागमोडी पळत होती, बरोबर त्या पाटीखालून. आजी तिसऱ्या मजल्यावरून वाकून पाहत होत्या. ओरडतील असे मला वाटले.

“अगं, डावीकडनं वळताना अजून थांबतेस,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या दिवाणखान्यात बाईंच्या सांगण्यावरून मारलेल्या त्या तीन रेघा अजून आहेत. पट्टीचा डिंक फरशीला चिकटून बसला आहे, आणि दिवाळीच्या आधी रॉकेलने तो काढायचा असे आई म्हणते. मुलगी म्हणते, जिल्ह्याचे सामने होईपर्यंत राहू दे.